५ वॉटच्या ट्यूब ॲम्पमधून न फाटता मोठा आवाज कसा काढावा?

पिकपक्का (धागाकर्ता) | शनिवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. इथे तबला-पेटीवर भरपूर धागे आहेत, गिटारच्या ॲम्पवर शोधून काही सापडलं नाही, म्हणून नवीन काढतोय. आधी झाला असेल तर लिंक द्या.

माझ्याकडे गिटारचा ५ वॉटचा छोटा ट्यूब (व्हॉल्व्हवाला) ॲम्प आहे. आत सिग्नल वाढवणारी एक १२एएक्स७ ट्यूब, स्पीकरला पॉवर देणारी एक ईएल८४, पुढे ८ इंची स्पीकर. व्हॉल्यूम आणि टोन अशी दोनच बटणं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, याच मांडणीचे ॲम्प बऱ्याच कंपन्या काढतात आणि मला कंपनीवरून भांडण नकोय. गिटार स्ट्रॅट धाटणीची, ब्रिजला मात्र हमबकर (दोन कॉइलचा, जोरकस पिकअप).

मला फाटका आवाज नकोच आहे. जुन्या हिंदी गाण्यांत मागे वाजतात तसे गोल, सुटे कॉर्ड आणि बोटांनी छेडलेले अर्पेजिओ, एवढंच वाजवायचंय. पण व्हॉल्यूमचं बटण घड्याळातल्या ९ च्या पुढे गेलं की खालच्या दोन तारा फाटायला लागतात. त्याच्या आत ठेवलं तर तबल्याच्या शेजारी बसून मी वाजवतोय की नुसता बसलोय ते कळत नाही. दुकानात विचारलं तर "ट्यूब आहे, फाटणारच, लोक त्यासाठीच घेतात" असं उत्तर आलं.

यूट्यूबवर जो तो १२एएक्स७ काढून कमी वाढ देणारी १२एवाय७ लावा म्हणतो. मागवू का? पुण्यात कुठे मिळेल?

टकाटक | शनिवार, रात्री ११:२८

सरळ विका आणि रोलँडचा जेसी घ्या. जेसी-१२० हा १९७५ पासून क्लीन (न फाटणाऱ्या) आवाजासाठीच प्रसिद्ध आहे, ट्रान्झिस्टरवाला, ६० वॉटचे दोन ॲम्प एका पेटीत. ट्यूबमधून क्लीन काढायचा हट्ट कशाला?

पिकपक्का | शनिवार, रात्री ११:३५

टकाटक, तो उचलायला दोन माणसं लागतात आणि ठेवायला एक खोली. माझं घर वन बीएचके आहे. :) शिवाय तबल्याच्या मापाचा आवाज पाहिजे, मैदानाच्या नाही.

भुसावळ पॅसेंजर | रविवार, सकाळी ७:५०

१२एवाय७ ला माझं +१. मी लावली आहे, फरक जाणवतो. आधी बटण जरा हललं की अंगावर यायचं, आता आरामात अर्ध्यापर्यंत नेता येतं. ट्यूब तापवणाऱ्या फिलामेंटचा करंट दोन्हींचा सारखाच, ३०० मिलिअँपिअर, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरवर जास्तीचा भार नाही. काढा, लावा, वाजवा.

आडवीतार | रविवार, सकाळी ९:१५

ट्यूबकडे जायच्या आधी गिटारकडे बघा ना. बहुतेक जण गिटारचा व्हॉल्यूम १० वर ठेवतात आणि मग ॲम्पवर खापर फोडतात. मी ७ च्या वर क्वचितच जाते. ७ वर आणला की तीव्र स्वर थोडे मरतात, त्यासाठी व्हॉल्यूम पॉटच्या (बटणाखालच्या फिरत्या रेझिस्टरच्या) दोन पायांत ०.००१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याला समांतर १५० के चा रेझिस्टर लावून घ्या. काम पाच मिनिटांचं, पार्ट चिल्लरचे.

दुसरं, पिकअपची उंची. खालच्या तारांच्या बाजूचा स्क्रू दोन-तीन आटे सैल करून पिकअप खाली न्या. तुमच्या खालच्याच तारा फाटताहेत म्हणता, म्हणजे पहिला संशय तिथेच. ब्रिजचा हमबकर सोडा आणि नेक किंवा मधल्या सिंगल कॉइलवर वाजवा. जुन्या गाण्यांतला तो आवाज तसाही तिथलाच जास्त आहे.

आणि पिक. जाड पिक आणि हलका हात. पातळ पिकने माणूस नकळत जोरात मारतो आणि टोकाचा 'टक्' पहिला फाटतो.

जुनाट रेडिओ | रविवार, सकाळी १०:४०

१२एवाय७ चे पैसे तूर्त खिशातच ठेवा.

मी आयुष्यभर व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त केले. गिटार वाजवता येत नाही, पण ईएल८४ ओळखीची आहे. आपल्याकडच्या कित्येक मोठ्या रेडिओंत आउटपुटला हीच बसलेली असायची. आवाज फाटतो म्हणून गिऱ्हाईक सेट घेऊन आलं की पहिला प्रश्न एकच: कुठे फाटतो? ते कळल्याशिवाय पार्ट बदलणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या पैशाने शिकणं.

तुमच्या ॲम्पात फाटायच्या जागा चार. १२एएक्स७ चा पहिला अर्धा, मग व्हॉल्यूमचं बटण, मग तिचाच दुसरा अर्धा, मग ईएल८४, शेवटी स्पीकर. (बटण स्वतः फाटत नाही, पण ते मधे आहे हे महत्त्वाचं.) पेटी न उघडता यातली जागा शोधता येते.

गिटारचा व्हॉल्यूम १० वर. ॲम्पचं बटण हळूहळू वाढवा, खालची तार नेमकी फाटायला लागते तिथे थांबा. खोलीत आवाज किती आहे ते फोनवरच्या डेसिबल मोजणाऱ्या ॲपवर बघून ठेवा. आकडा अचूक नसला तरी चालेल, फोनची जागा मात्र हलवू नका. आता गिटार ५ वर आणा आणि ॲम्पचं बटण परत फाटेपर्यंत वाढवा. पुन्हा आकडा बघा.

दोन्ही वेळा आकडा जवळपास सारखा आला तर फाटणं बटणाच्या पुढे होतंय, म्हणजे दुसरा अर्धा, ईएल८४ किंवा स्पीकर. दुसऱ्या वेळी आवाज बराच मोठा मिळाला तर पहिला अर्धाच गिटारच्या जोराने फाटत होता. मग आडवीतार यांनी सांगितलं त्यानेच काम भागेल.

करा आणि कळवा. मग पुढचं बोलू.

पिकपक्का | रविवार, दुपारी १:२०

काका, केलं. दोन्ही वेळा ८६-८७ च्या आसपास. म्हणजे बटणाच्या पुढे. सिंगल कॉइलवर पण तेच.

आडवीतार, पिकअप खाली घेतला, खालच्या तारा जरा आवरल्या. धन्स.

जुनाट रेडिओ | रविवार, दुपारी ४:०५

वाटलंच होतं. आता हिशेब मांडतो, कंटाळा आला तर सोडून द्या.

ईएल८४ च्या ग्रिडवर (सिग्नल आत येतो त्या टोकाला) साधारण ७ व्होल्टचा बायस, म्हणजे स्थिर दाब, असतो. ग्रिडवर येणारा सिग्नल शिखराला ७ व्होल्टच्या वर गेला की ही ट्यूब संपली, त्यापुढे नुसतं माथं कापलं जातं. ६व्ही६ नावाच्या दुसऱ्या पॉवर ट्यूबला त्याच कामाला १२-१३ व्होल्ट लागतात. म्हणजे ईएल८४ जात्याच चटकन भडकणारी.

आता उलटे या. १२एएक्स७ चा दुसरा अर्धा सिग्नल पन्नासेक पट करतो. म्हणजे त्याच्या तोंडाशी ०.१४ व्होल्ट आले की पुढे ७ व्होल्ट तयार. पहिला अर्धाही पन्नासेक पट करतो, आणि पिकअप जोरात छेडला तर ०.२ व्होल्ट सहज देतो, हमबकर त्याहून जास्त. ०.२ गुणिले ५० म्हणजे १० व्होल्ट. पाहिजेत ०.१४, आलेत १०. हा सगळा जास्तीचा माल व्हॉल्यूमचा पॉट जिरवत बसतो, म्हणून तुमचं बटण ९ च्या पुढे जात नाही.

१२एवाय७ लावल्यावर काय होईल? १२एएक्स७ चा म्यू (सिग्नल वाढवायची ताकद) १००, १२एवाय७ चा ४४ च्या आसपास. तुमच्या ॲम्पात दोन्ही टप्पे एकाच ट्यूबमध्ये, म्हणून दोन्हीकडे वाढ कमी होईल. ९ ला फाटणारं बटण ११-१२ ला फाटेल. पण ईएल८४ त्याच ७ व्होल्टला माथं टेकणार आणि फोनवर आकडा तोच ८६-८७ येणार. बटणाचा प्रवास वाढतो, वॉट वाढत नाहीत.

पॅसेंजर यांचा अनुभव खोटा नाही. बटण अंगावर येत नाही हे सुखच आहे, बारीक फिरवता येतं. पण पिकपक्का यांना पाहिजे आहे मोठा स्वच्छ आवाज. ते दुखणं निराळं.

भुसावळ पॅसेंजर | रविवार, संध्या. ६:३०

काका, पटतंय पण पूर्ण नाही. माझ्याकडे ट्यूब बदलल्यावर आवाज मऊ पण झाला. नुसत्या बटणाच्या प्रवासाने तसं होणार नाही ना?

जुनाट रेडिओ | रविवार, संध्या. ७:१०

होतं. १२एवाय७ चा आतला रोध १२एएक्स७ पेक्षा बराच कमी, त्यामुळे तीव्र स्वरांचा नूर बदलतो. मऊपणा आवडला असेल तर तो खरा आहे, ठेवा ती ट्यूब. मी फक्त मोठ्या आवाजाचं बोलत होतो.

तुम्हाला एक उलट प्रश्न. संध्याकाळी तुमच्याकडे लाइटचा दाब किती असतो?

भुसावळ पॅसेंजर | रविवार, संध्या. ७:२५

गावाकडच्या घरी उन्हाळ्यात १९० सुद्धा बघितलाय. पंखा रांगतो. का?

जुनाट रेडिओ | रविवार, रात्री ८:००

२३० च्या जागी १९० आले म्हणजे ८३ टक्के दाब. आतला हाय व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरतो, आणि पॉवर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात. ०.८३ चा वर्ग ०.६९. तुमचे ५ वॉट साडेतीनवर आले. ॲम्प दुपारी चांगला वाजतो आणि रात्री आठला फाटतो म्हणणाऱ्यांनी आधी प्लगात मीटर घालावा. फिलामेंटलाही ६.३ च्या जागी ५.२ मिळतात, ते ट्यूबच्या तब्येतीला बरं नाही. स्टॅबिलायझर घ्या. आणि चौकोनी लहरीचा स्वस्त इन्व्हर्टर असेल तर त्यावर ॲम्प लावू नका, नुसती गुरगुर येईल. प्युअर साइन असेल तर ठीक.

एडिसनकर | सोमवार, पहाटे ५:३० (तुमची)

मस्त धागा. मी न्यू जर्सीत आहे. इथे अशा छोट्या ॲम्पवर लोक पीएचडी करतात. जुनाट काकांनी ट्यूबचा हिशेब मांडलाय, मी स्पीकरचा मांडतो, कारण माझ्या मते खरी गोम तिथे आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

वॉट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. ५ वॉटचा ॲम्प विकून १५ वॉटचा घेतलात तर पुरते ५ डेसिबलही पदरात पडत नाहीत. पैसे मात्र दुप्पट-तिप्पट.

स्पीकरच्या माहितीपत्रकात 'सेन्सिटिव्हिटी' म्हणून एक आकडा असतो: १ वॉट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल. छोट्या ॲम्पात येणारे ८ इंची स्पीकर बरेचदा ९०-९३ च्या घरात असतात. सेलेस्टियनचा १२ इंची ग्रीनबॅक ९८ चा, त्यांचाच व्हिंटेज ३० हा १०० चा. ९२ वरून ९८ वर गेलात म्हणजे ६ डेसिबल, ५ वॉटचा ॲम्प २० वॉटचा असल्यासारखा वाजतो. १०० वर गेलात तर ३० वॉटच्या वर. ट्यूब तीच, फाटायची जागा तीच, पण फाटायच्या आधीच खोली भरलेली. १२ इंची स्पीकरला खालचे स्वरही झेपतात, ८ इंची कागद तिथे नुसता धापा टाकतो.

म्हणून माझं मत: पेडल नको, ट्यूब नको. ॲम्पच्या मागे स्पीकरचा जॅक असेल तर एक १२ इंचीची रिकामी पेटी बनवून घ्या, मागून उघडी, आणि तिच्यात चांगला स्पीकर टाका. अख्ख्या साखळीत याच्याइतकी स्वस्त पॉवर दुसरीकडे मिळत नाही.

एक धोका. ट्यूब ॲम्प स्पीकर न लावता कधीही चालू करू नका. ट्रान्झिस्टरच्या ॲम्पला स्पीकर काढलेला चालतो, ट्यूबवाल्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर त्यात जळू शकतो. आधी बंद, मग अदलाबदल, मग चालू.

टकाटक | सोमवार, सकाळी ८:४५

एडिसनकर, इतकं करण्यापेक्षा जेसी... बरं बरं, गप्प बसतो. पण एक विचारतो, १०० डेसिबलचा स्पीकर लावला की ट्यूबचा स्वभाव जातो का? नाहीतर उपयोग काय?

एडिसनकर | सोमवार, सकाळी ९:००

नाही जात. क्लीन म्हणजे मीटरवर शून्य विकृती असं कुणालाच नको असतं. ट्यूब फाटायच्या थोडं अलीकडे, जोरात छेडलं की किंचित दबते आणि सोडलं की उघडते, ती जागा पाहिजे असते. प्रश्न फक्त ती जागा किती मोठ्या आवाजावर येते हा. फेंडरचा प्रिन्स्टन रिव्हर्ब बघा, १२ वॉटच्या आसपास, दोन ६व्ही६, १० इंची स्पीकर. स्टुडिओत लोक त्याच्यावर जीव टाकतात ते याच जागेसाठी.

मडगावकर | सोमवार, सकाळी १०:२०

आमच्याकडे तियात्राच्या बँडमध्ये ट्रंपेट, सॅक्सोफोन, ड्रम सगळं लाइव्ह. तिथे ५ वॉट कोण ऐकणार? तरी मी छोटाच ॲम्प नेतो. कारण सोपं आहे रे बाबा, लोकांना ऐकवायचं काम ॲम्पचं नाही, पीएचं (सभागृहातल्या मोठ्या स्पीकरांचं) आहे. ॲम्प फक्त मला ऐकू यायला हवा.

शूरचा एसएम५७ माइक जाळीपासून दोन बोटं अंतरावर. कागदाच्या मधोमध जी टोपी असते तिच्यासमोर धरला तर आवाज टोचतो, टोपीच्या कडेला सरकवला की गोल होतो. तुम्हाला तो जुन्या गाण्यांचा आवाज पाहिजे म्हणता, मग कडेपासून अजून थोडा बाहेर. मिक्सरवर १०० हर्ट्झच्या खालचं कापा. ॲम्पचं बटण तुमच्या ९ च्या खालीच ठेवा, बाकी मिक्सरवाल्यावर सोडा.

ॲम्प जमिनीवर ठेवून तुम्ही उभे राहता का? मग तो तुमच्या पोटऱ्यांना ऐकू येतो, कानाला नाही. मागे तिरका टेकवा किंवा खुर्चीवर ठेवा. किती तरी लोक एवढ्यासाठी बटण वाढवतात आणि मग फाटतंय म्हणतात.

आडवीतार | सोमवार, दुपारी १२:५०

मडगावकर +१००. ॲम्प कानाच्या उंचीवर आणला की अर्धी भांडणं मिटतात.

अजून एक सुचवते, कंप्रेसर पेडल. एमएक्सआर डायना कॉम्प किंवा तसलं कुठलंही साधं. तार छेडल्यावर पहिला ठोका मोठा असतो आणि मागचा नाद लहान. ट्यूब पहिल्या ठोक्याला फाटते. तो ठोका दाबला की बाकीचा नाद तेवढाच वर उचलता येतो. अर्पेजिओला तर फारच छान, सगळ्या तारा एका रांगेत येतात. फक्त पेडलचं आउटपुट वाढवू नका, नाहीतर परत तेच. जास्त दाबलं तर आवाजातला जीव जातो, म्हणून सस्टेनचं बटण खालीच.

पिकपक्का | सोमवार, रात्री १०:१५

केवढी माहिती! वाखूसा (वाचनखूण साठवली).

ॲम्प स्टुलावर ठेवला, मागे भिंतीला तिरका. हा फुकटचा उपाय इतका कामाचा असेल असं वाटलं नव्हतं. मागे स्पीकरचे जॅक आहेत, ४, ८ आणि १६ ओहमचे. एका मित्राकडे १२ इंची पेटी पडून आहे, ८ ओहम. शनिवारी आणतो.

काका, तुम्ही ॲम्पच्या आत काही करता येईल म्हणत होतात का? सोल्डरिंग येतं मला, पेडलं बनवली आहेत.

जुनाट रेडिओ | मंगळवार, सकाळी ९:३०

म्हणत नव्हतो, पण विचारलंत म्हणून सांगतो.

आधी धोका. पेडल ९ व्होल्टवर चालतं, याच्या आत ३०० च्या आसपास डीसी आहे. प्लग काढल्यावरही फिल्टरचे कंडेन्सर (म्हणजे कपॅसिटर) भरलेले राहतात. मल्टिमीटर हजार व्होल्टवर लावून मोजा, १० के ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी कंडेन्सरला लावून रिकामे करा, परत मोजा, आणि मगच हात घाला. एक हात खिशात. ज्यांनी आयुष्यात कधी हाय व्होल्टेज हाताळलेलं नाही त्यांनी पुढचा मजकूर दुरुस्तीवाल्याला दाखवावा. आणि अर्थिंगची पिन कापून 'हम (गुणगुण) गेला' म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. गिटारच्या तारा थेट चासीला (ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याला) जोडलेल्या असतात.

कामं दोन. पहिलं बेस कमी करणं. खालचे स्वर म्हणजे पंगतीत आधी बसून अर्धी जिलबी संपवणारे पाहुणे. खालची ई तार ८२ हर्ट्झची. तिला ऐकू येण्याइतकं वाजवायला ट्यूबला सगळ्यात मोठी उडी घ्यावी लागते, आणि वरून ८ इंची स्पीकर ते ८२ हर्ट्झ धड बाहेर काढतच नाही. पॉवर गेली आणि ऐकू काही आलं नाही. पहिल्या टप्प्याच्या कॅथोडवर (ट्यूबच्या ऋण टोकावर) २२ किंवा २५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असेल. तो काढून १ मायक्रोफॅरडचा लावा. खालचा पट्टा पातळ होतो, वरचं तसंच राहतं. मग ॲम्प खोलीच्या कोपऱ्यात ढकला. दोन भिंती आणि जमीन मिळून खालचे स्वर आपोआप वाढवतात, आणि त्याला एक वॉटही लागत नाही. बेस ट्यूबकडून मागू नका, भिंतीकडून मागा.

दुसरं, निगेटिव्ह फीडबॅक. फेंडरच्या जुन्या चॅम्पमध्ये, ५एफ१ नावाची जी मांडणी आहे तिच्यात, स्पीकरच्या तारेपासून दुसऱ्या टप्प्याच्या कॅथोडपर्यंत २२ के चा एक रेझिस्टर आहे. बाहेर गेलेल्या सिग्नलचा छोटा हिस्सा उलटा परत आणून चुका खोडायच्या, एवढंच त्याचं काम. तुमच्यासारख्या बऱ्याच ईएल८४ वाल्या छोट्या ॲम्पांत तो रेझिस्टर नसतो. लावल्यावर वाढ कमी होते, फाटायच्या जागेपर्यंत आवाज सरळ राहतो आणि स्पीकरचं धबधब करणं आवरतं. ४७ के पासून सुरू करा, जमलं तर २२ के. दुसऱ्या टप्प्याच्या कॅथोडवर कंडेन्सर असेल तर तो उचलावा लागेल, नाहीतर फीडबॅक जमिनीत जाईल. चालू केल्यावर ॲम्प किंचाळला तर फेज उलटी आहे. बंद करा, कंडेन्सर रिकामे करा, आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या ट्यूबकडच्या (प्रायमरीच्या) दोन तारा अदलाबदल करा.

एक छोटा स्विच टाकून ठेवा, फीडबॅक चालू-बंद करायला. उद्या तुमचा मुलगा फाटकं वाजवायला मागेल.

भुसावळ पॅसेंजर | मंगळवार, सकाळी ११:००

काका, तुम्ही गिटार वाजवत नाही म्हणता आणि आम्हाला वाजवायला शिकवताय. _/\_

अवांतर: जुन्या बीईएलच्या ट्यूबा अजून मिळतात का? ऐकलंय की चांगल्या असायच्या.

जुनाट रेडिओ | मंगळवार, दुपारी २:१५

बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या. मिळतात, नशिबाने. पुण्यात तापकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, आणि जुने रेडिओ विकणारे. दुकानात १२एएक्स७ मागितलंत तर नाही म्हणतील, ईसीसी८३ मागा. तीच ट्यूब, युरोपीय नाव. ईएल८४ चं अमेरिकन नाव ६बीक्यू५. डबी जुनी दिसली म्हणून नवी ट्यूब असेलच असं नाही, टेस्टरवर बघूनच घ्या. पैसे वाचवायचे असतील तर आत्ताच्या जेजे कंपनीच्या चालतील. बीईएल लावली म्हणून क्लीन वाढेल असं मात्र कुणी सांगितलं तर हसा आणि पुढे चला.

कोकणातले आणि मुंबईतले लोक: पावसाळ्यात ट्यूब बदलायच्या आधी सॉकेट आणि जॅक कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा. खरखरीच्या किती तरी तक्रारी तिथेच संपतात.

पिकपक्का | रविवार, रात्री ९:४०

मंडळी, रिपोर्ट.

१२ इंची पेटी जोडली. बटण होतं तिथेच ठेवलं, ९ ला. पहिला जी मेजर वाजवला आणि आतल्या खोलीतून "अरे हळू!" आलं. फोन त्याच जागी, आकडा ९४. फाटत नाहीये! तेच बटण, तीच ट्यूब. खालची ई तार गोल येते, आधी नुसती थडथडायची. तबलेवाले दादा आले होते, त्यांनी पहिल्यांदा मला आवाज कमी करायला सांगितलं.

कॅथोडचा कंडेन्सर १ मायक्रोफॅरडचा केला. मोठ्या पेटीवर तो बदल मला जरा पातळ वाटतोय, ८ इंचीवर मात्र एकदम बरोबर होता. फीडबॅकचा रेझिस्टर ४७ के लावलाय, स्विचवर. चालू केला की कॉर्डमधले स्वर एकमेकांपासून सुटे होतात. पण एकटी तार वाजवताना बंदच जास्त आवडतो, थोडी साय राहते आवाजावर. २२ के लावून बघितला, तो माझ्यासाठी फार शिस्तीचा झाला.

कंप्रेसर मित्राचा आणून बघितला. आता गरज वाटत नाही. आडवीतार, राग नको. :)

आडवीतार | रविवार, रात्री १०:०५

राग कसला! मोठ्या स्पीकरवर मलाही नाही लागत. पातळ वाटतंय तर कॅथोडला ४.७ मायक्रोफॅरड बघा.

मडगावकर | रविवार, रात्री १०:३०

बरें जालें. आता रेकॉर्ड करून इथे टाका, नुसतं वाचून पोट भरत नाही.

टकाटक | सोमवार, सकाळी ८:१०

मीपण एक जुना ५ वॉटचा बघून ठेवलाय. (हसू नका.) मालक म्हणतो अमेरिकेतून आणलाय, मागे फक्त १२० व्होल्ट ६० हर्ट्झ लिहिलंय. २३० ते ११० चा ट्रान्सफॉर्मर लावला की झालं ना? आणि माझ्याकडची पेटी १६ ओहमची आहे, त्याला ८ चाच जॅक आहे.

एडिसनकर | सोमवार, सकाळी ९:२०

स्टेप-डाउन लावून चालेल, पण ११० पेक्षा १२० देणारा बघा आणि ॲम्पच्या मागे लिहिलेल्या वॉटपेक्षा दुप्पट क्षमतेचा घ्या. गोम हर्ट्झमध्ये आहे. फक्त ६० साठी बनवलेला आतला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० वर जास्त तापतो. तासभर वाजवून वरून हात लावून बघा, चटका बसत असेल तर तो बदलून घ्या. ५०/६० लिहिलं असतं तर हा प्रश्नच नव्हता.

१६ ची पेटी ८ च्या जॅकवर दुपटीचा फरक झाला. हलक्या आवाजात सहसा निभावतं, पण पॉवर जाते आणि ईएल८४ चा सूरही बदलतो. जुळणारा स्पीकर लावलात तर उत्तम. आणि मधली केबल स्पीकरचीच, दोन जाड तारांची. गिटारची शिल्डवाली केबल तिथे लावू नका, दिसायला जॅक सारखाच असतो म्हणून लोक हमखास लावतात.